थोरल्यांची मर्जी

आक्का म्हशींना अहोजाहो करायच्या आणि माणसांना अरेतुरे. यात लहान-मोठा, शिकलेला-अडाणी असला काही भेदभाव नव्हता. आमच्या कॉलनीतले निवृत्त प्राचार्य किटली घेऊन दारात उभे राहिले की आक्का आतूनच ओरडायच्या, "थांब की रं जरा! थोरल्या अजून पाणी प्यायला लागल्यात. तुला कुठं शाळा भरवायची हाय आता?" प्राचार्य थांबायचे. ज्या माणसानं उभा जन्म शिपायालाही "अहो" म्हटलं, तो माणूस म्हशीचं पाणी पिऊन होईपर्यंत किटली पोटाशी धरून उभा राहायचा.

एकदा एका नव्या बिऱ्हाडकरूनं धीर करून विचारलं होतं, "आक्का, म्हशीला एवढा मान आणि आम्हाला असं का हो?"

आक्का म्हणाल्या, "त्या दूध देत्यात. तू काय देतोस?"

तो गृहस्थ रागानं दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध आणायला लागला. थोड्याच दिवसांत तो परत किटली घेऊन रांगेत. आक्कांनी त्याला काही विचारलं नाही. फक्त थोरल्या म्हशीला म्हणाल्या, "आला बघा. जीव ऱ्हात न्हाय."

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात साखर कारखान्याकडं जाणाऱ्या अंगाला, दोन नव्या अपार्टमेंटच्या बेचक्यात आक्कांचा गोठा होता. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं सगळं गाव त्यांना आक्काच म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी नांदती. सुती साडी, तिच्यावर पुरुषी फुलशर्ट, डोक्याला टॉवेल. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी गेलो" असं बोलणं, आणि आवाज असा की बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं गाडी सुरू करावी, आपल्यालाच बोलावलं समजून.

आता मी यात कुठं आलो ते सांगतो, आणि ते सांगण्यासारखं नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत खरेदी विभागात मी आयुष्य काढलं. मालकांच्या चिरंजिवांनी कारभार हातात घेतला आणि आम्हा जुन्या लोकांना शाल-श्रीफळ देऊन सन्मानानं घरी बसवलं. घरी बसलेला नवरा ही काय चीज असते हे माझ्याआधी बायकोला कळलं. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे मांडणी केली. कोथिंबीर किती लागते याचा महिन्याचा अंदाज मागितला. मग एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही बाहेर काहीतरी पाळा. कुत्रा, मांजर, हत्ती, काय पण. पण बाहेर."

मी म्हैस पाळायचं ठरवलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कॉलनीच्या मागं वडिलांच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा होता, तिथं पत्र्याचं शेड मारलं. म्हैस यायच्या आधी शेडमध्ये पंखा बसवला. गाणी ऐकवली की दूध वाढतं असं एका व्हिडिओत होतं म्हणून स्पीकरही लावला.

बायको शेड बघायला आली. म्हणाली, "म्हैस आल्यावर तिला विचारून लावायचा होता की. तिला कुठली गाणी आवडतात कुणास ठाऊक."

म्हैस सांभाळायचं काही येत नव्हतं हे मला मान्य होतं. म्हणून मी आमच्या दूधवाल्या आक्कांना फोन केला आणि काम शिकायला येऊ का, असं विचारलं. पलीकडून आवाज आला, "आज नगं. थोरल्यांचं पोट बिघडलंय. मधल्या सकाळधरनं रुसून बसल्यात, कुणाशी बोलंनात. धाकट्यांच्या नाकातनं पाणी गळालंय. उद्या ये."

आमचं दूध शेजाऱ्यांच्या किटलीतून यायचं, गोठ्याकडं आम्ही दोघं तोवर फिरकलो नव्हतो. मी घाबरलो. एकटी बाई, घरात तीन-तीन बायका आजारी. जावा असतील किंवा नणंदा. रिकाम्या हातानं कसं जायचं? बायको म्हणाली, पोट बिघडलंय तर केळी न्या. मी केळी घेतली, मोसंबी घेतली, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेतला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि दारातच आवाज हळू करून विचारलं, "कशी आहे आता तब्येत? थोरल्या झोपल्यात का?"

आक्कांनी माझ्याकडं, मग पिशवीकडं बघितलं. मला आत नेलं. आत तीन म्हशी.

केळी सालांसकट गेली. मोसंबी मधल्यांनी खाल्ली आणि त्यांचा रुसवा गेला. बिस्किटं आक्कांनी पदराआड ठेवली, चहाला. तेवढ्यावर मला प्रवेश मिळाला. "पोरगं येडं हाय, पर मोकळ्या हातानं आलं न्हाय," असं त्या थोरल्यांना म्हणाल्या. मी पन्नाशी ओलांडलेला.

नाव त्यांनी मला त्याच दिवशी ठेवलं. "ए कारखाना, शेण उचल."

सुरुवातीचे काही आठवडे मी फक्त शेण उचललं. म्हशींना हात लावायचा नाही, कारण थोरल्यांनी अजून मला हुंगलं नव्हतं. थोरल्यांनी हुंगल्याशिवाय या गोठ्यात कुणी पुढं जात नसे. मी शेणाची पाटी घेऊन मुद्दाम त्यांच्या नाकासमोरून जायचो, रेंगाळायचो. त्या मान दुसरीकडं वळवायच्या. फाउंड्रीत मालकांच्या केबिनसमोर फाईल घेऊन असाच घुटमळायचो, त्यामुळं मला ते फार परकं वाटलं नाही.

गोठ्याचे नियम भरपूर होते. शीळ घालायची नाही. छत्री उघडायची नाही. मोबाइल वाजला तर बाहेर पळायचं. आणि गोठ्यात मटणाचा विषय काढायचा नाही, कारण "त्यास्नी मनाला लागतंय." कोल्हापुरात दोन माणसं एकत्र आली की तिसरं वाक्य मटणाचं असतं, त्यामुळं गोठ्यात सगळे बऱ्यापैकी गप्प असायचे. आक्का स्वतः दर रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजत नसत. फक्त जेवून आल्यावर चूळ भरून, तोंड पुसून, बडीशेप चघळत गोठ्यात शिरायच्या. "त्यास्नी कळू देऊ नगं," मला डोळा मारून म्हणायच्या.

आक्कांचं म्हशींचं ज्ञान अफाट होतं असं मी म्हणणार नाही. अर्धं अनुभवाचं आणि अर्धं त्यांनी स्वतः तयार केलेलं. कुठलं कुठलं हे ओळखता आलं तर शिकणारा सुटला. मी सुटलो नाही.

एकदा थोरल्यांनी वैरण सोडली. रवंथ बंद, पोट फुगलेलं, मान खाली. आक्कांनी निदान केलं की शेजारच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनियर राहायला आलाय, तो रोज गॅलरीत ब्रश करत थोरल्यांकडं टक लावून बघतो. त्याचीच नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या. मिरच्यांच्या धुरानं इंजिनियर खोकत आत गेला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "बघ! लागलं बघ त्याला!"

थोरल्या मात्र तशाच. शेवटी मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, आक्कांना ओळखून होते. त्यांनी पोटाला कान लावला, मग विचारलं, "आक्का, काल काय खायला घातलं?"

"नेहमीचंच. वैरण, पेंड."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

डॉक्टरांनी गव्हाणीत हात घातला, कोपऱ्यात चाचपलं आणि एक पान वर काढलं. तमालपत्र होतं. त्याच्या मागोमाग एक काजू निघाला.

"आक्का," डॉक्टर म्हणाले, "ह्यो इंजिनियर तमालपत्र टाकून बघतोय व्हय?"

आदल्या दिवशी भाचीचं लग्न होतं. उरलेला मसालेभात आक्कांनी घमेलंभर आणला होता आणि सगळा थोरल्यांना घातला होता. "लग्नाचं जेवान, त्यास्नी ठावं नको?" असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला लावला, औषध दिलं, भात बंद म्हणून दम दिला. संध्याकाळपर्यंत थोरल्यांचं तोंड हलायला लागलं. आक्का त्यांच्यासमोर बसून होत्या. त्या पूर्ण वेळात एक शब्द बोलल्या नाहीत, हे मी पहिल्यांदा बघत होतो. थोरल्या रवंथ करायला लागल्या तेव्हा त्यांनी टॉवेलानं नाक पुसलं. पुढं महिनाभर बावड्यात ज्याला त्याला सांगत होत्या, "डाक्तराला काय कळंना. म्या म्हनलं, सोडा पाजून बघ."

त्या आजारपणात कधीतरी थोरल्यांनी मला हुंगलं. मी सोड्याची बाटली धरून उभा होतो, त्यांनी माझ्या खांद्यापासून कोपरापर्यंत सावकाश वास घेतला आणि शिंकल्या. आक्का म्हणाल्या, "पास झालास."

आता धार काढायला शिकायचं. थोरल्यांच्या बुडाशी बसलो, गुडघ्यात चरवी धरली, सडाला हात घातला. थेंब नाही. पान्हाच सोडेनात. मी घाम येईपर्यंत प्रयत्न केला, आणि त्यांनी अगदी सहज, रागाबिगानं नव्हे, पाय उचलून मला चरवीसकट बाजूला ठेवलं.

"साबनाचा वास मारालाय तुझ्या अंगाला," आक्का म्हणाल्या. "त्यास्नी वळखंनास झालायस. रोज एकच शर्ट घाल. धुयाचा न्हाय."

फाउंड्रीचा निळा युनिफॉर्मचा शर्ट होता, तो मी या कामाला लावला. पहिला आठवडा बायको काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात शर्ट दाराबाहेर खिळ्याला गेला. तिसऱ्या आठवड्यात तो जिन्यात गेला, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये. चेअरमन म्हणाले, "जिन्यात काहीतरी मेलंय असं सगळ्यांचं मत आहे." मी सांगितलं की मेलेलं काही नाही, शिकतोय. शर्ट गच्चीवर गेला.

पण शर्टानं काम केलं. थोरल्या माझ्या हाताला दूध द्यायला लागल्या. पहिल्यांदा धारेचा चुळुक-चुळुक आवाज झाला तेव्हा मला नोकरीत कन्फर्म झाल्यासारखं वाटलं. मी आनंदानं वर बघितलं. आक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. "सोडलं व्हय दूध?" म्हणाल्या. "आज त्यांची तब्येत बरी दिसत न्हाय."

मला मात्र हवी होती धाकटी. ती थोरलीचीच लेक, अंगानं गुटगुटीत, डोळे पाणीदार, शिंगं नुकती वळायला लागलेली. अजून एकदाही व्यालेली नव्हती. हीच माझ्या शेडात, पंख्याखाली, शोभणार होती. मी बरेच दिवस विषय मनात घोळवला आणि एकदा बोलून टाकलं.

"धाकट्या व्हय?" आक्का म्हणाल्या. "देतो की. पर पाडव्याला हाकंला आल्या पायजेत."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं, रिबिनी, पायात घुंगरू. मालक पुढं मोटरसायकलवर सुटतो, हाक मारतो, आणि मागं दावं न लावलेली म्हैस पळत सुटते. भर रस्त्यानं, भर गर्दीत, आपल्या माणसाच्या आवाजावर. बाकी ठिकाणी माणसं म्हशीला दातांवरून आणि कासेवरून पारखतात. इथं म्हैस माणसाला पारखते, ती सगळ्या बावड्यासमोर.

"तुझ्या हाकंला धाकट्या पळाल्या तर तुझ्या. न्हाय आल्या तर परत नाव काढायचं न्हाय," आक्कांनी जाहीर केलं. बोळात सगळ्यांनी ऐकलं. आता माघार नव्हती.

माझी हाक हा एक प्रश्न होता. उभा जन्म टेबलाशी बसून "जरा येता का" म्हणण्यात गेलेला. मी गोठ्यात उभा राहून म्हणालो, "ये गं. ये."

"ही काय हाक हाय?" आक्का ओरडल्या. "बँकेत नंबर पुकारल्यागत! पोटातनं काढ! बेंबीतनं!" आणि त्यांनी स्वतः हाक मारून दाखवली. "याऽऽ वो याऽऽऽ!" तिन्ही म्हशी उठून उभ्या राहिल्या. पलीकडच्या इमारतीतला इंजिनियरही गॅलरीत आला.

मी दोन महिने हाक शिकलो. न्हाणीघरात, शेडात, नदीकाठी. धाकटीला हातानं मका भरवला, खरारा केला, हाक मारून गूळ दिला. ती यायची, गूळ खायची, आणि गूळ संपला की हाकेचा आणि आपला काही संबंध नसल्यासारखी निघून जायची. थोरल्यांची धार काढता काढता मी तिला हाका मारायचा सराव करत असे. हे करू नये, असं मला कुणी सांगितलं नाही.

पाडव्याला मी स्कूटर काढली. बायको रस्त्याच्या कडेला, नवी साडी नेसून, ओळखीचं कुणी नाही ना हे बघत. धाकटी नटलेली, शिंगं गुलाबी. थोडं मागं थोरल्या, आक्कांच्या हातात दावं, कारण त्यांची पाळी नंतर होती. आक्कांनी मान हलवली. मी स्कूटर पुढं सोडली आणि बेंबीतून हाक मारली. "याऽऽ वो याऽऽऽ!"

हाक चांगली निघाली. आजवरची सगळ्यात चांगली. धाकटीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि शेजारच्या फुलवाल्याच्या टोपलीतला झेंडू खायला सुरुवात केली.

आणि त्याच वेळी मागं आरडाओरडा झाला. थोरल्यांनी हिसडा मारून दावं सोडवलं होतं. भारीभरकम, पोक्त, बावड्यात कुणासाठी कधी घाई न केलेल्या थोरल्या, कान मागं टाकून, कास हिंदकळत, माझ्या स्कूटरमागं सुसाट सुटल्या. मी "तुम्ही नाही! तुम्ही नाही!" असं ओरडत होतो. त्यांना तीही हाकच वाटली असणार. साखर कारखान्याच्या वळणापर्यंत त्या माझ्यामागं आल्या आणि मी थांबल्यावर माझ्या काखेत तोंड खुपसून उभ्या राहिल्या.

गर्दी लोटपोट झाली. कुणीतरी ओरडलं, "आक्का, तुमच्या थोरल्या गेल्या की पावण्यासंगं पळून!"

आक्का चालत आल्या. इतका वेळ लावून, की लोकांचं हसणं संपलं. त्यांनी रस्त्यावरचं दावं उचललं, गुंडाळलं. थोरल्यांकडं बघितलंही नाही. मला हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापास्नं येऊ नगंस."

तो हळू आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

मी घरी बसलो. भाऊबीज गेली. डब्यांच्या मांडणीकडं परत लक्ष जायला लागलं. बायकोनं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संधी साधून गच्चीवरचा शर्ट आणला, गरम पाण्यात भिजवला, ब्रशनं घासला, वर सुगंधी पाणी घातलं. दोरीवर वाळत घातलेला तो शर्ट पाहून जिन्यातल्या दोन बिऱ्हाडांनी तिचं अभिनंदन केलं.

आणि त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात आक्का. लिफ्टमध्ये बसायला घाबरतात, त्यामुळं जिन्यानं आलेल्या, धापा टाकत.

"शर्ट कुठाय?" म्हणाल्या.

बायको गोंधळली. "कुठला शर्ट, आक्का?"

"ह्येचा घाण शर्ट. दे. मी घालून बसतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "थोरल्या पान्हा चोरालत्यात. काल एवढंसं दिलं, आज सकाळी थेंब न्हाय. कास दगडागत झाल्या. हात लावू देइनात."

कास दगडागत होणं म्हणजे काय, हे आतापर्यंत मलाही कळत होतं. दूध अडून सूज चढली की सड जातो, कधी म्हैसच जाते. आक्कांच्या शर्टाच्या बाहीवर खुराचा चिखल होता. म्हणजे आपल्या आक्कांनाही थोरल्यांनी बाजूला ठेवलं होतं.

बायकोनं दोरीवरचा शर्ट आणून दिला. आक्कांनी नाकाला लावला. त्यांचा चेहरा बघवेना.

"मोगऱ्याचा वास यायलाय, बाई," त्या म्हणाल्या. "काय केलंस हे!"

"मोगरा नाही, लॅव्हेंडर आहे," बायको अपराधी स्वरात म्हणाली. एवढ्यातही ती चूक दुरुस्त करायची राहिली नाही.

 मग मी चपला घातल्या. आक्कांनी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. जिना उतरताना त्यांचा गुडघा कुरकुरत होता, म्हणून बायकोनं हात धरला, तर म्हणाल्या, "सोड की, मी काय मेलो न्हाय."

गोठ्यात मी कोऱ्या, साबणाचा वास येणाऱ्या अंगानं थोरल्यांच्या बुडाशी बसलो. लाथ बसणार हे धरून चाललो होतो. थोरल्यांनी मान वळवून मला हुंगलं, बराच वेळ. मी हळूच म्हणालो, "मीच आहे. धुतलाय." मग त्यांच्या पोटातून एक मोठा सुस्कारा आला आणि सड सैल झाले. पहिल्या धारा दुखऱ्या होत्या, त्या पाय आपटत होत्या. मग दूध वाहायला लागलं. मी वर बघितलं नाही. आक्का खांबाकडं तोंड करून उभ्या होत्या, हे मला त्यांच्या पावलांवरून कळत होतं.

कास मऊ झाल्यावर त्या म्हणाल्या, "रोज दोन टाइम यायचं. आणि धाकट्यांचं नाव काढायचं न्हाय. हितं एक माझं नेलंस, तेवढं रग्गड झालं."

म्हणजे शेड रिकामंच राहिलं. मी सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याच्या म्हशीची धार काढायला जायला लागलो. लग्नाकार्यात कुणी बायकोला विचारलं की आता साहेब काय करतात, तर ती सरळ सांगायची, "त्यांना म्हशीनं ठेवून घेतलंय."

आक्का माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. थोरल्यांची धार काढताना गोठ्यात थांबायच्या नाहीत. वर्षाच्या मध्यात थोरल्या आटल्या, पावसाळ्यात पुन्हा व्याल्या. रेडा झाला म्हणून आक्कांनी तोंड पाडलं, आणि बारशाला मात्र पेढे वाटले. व्याल्यावर थोरल्या पहिले काही दिवस रेडकाच्या नादात कुणालाही दूध द्यायच्या. आक्कांनी त्या दिवसांत एकदाही मला चरवी घेऊ दिली नाही. मीही मागितली नाही. दारात बसून रेडकाचं नाक पुसत राहिलो.

पुढच्या पाडव्यापर्यंत आक्कांचा गुडघा पार गेला. आदल्या दिवशी म्हणाल्या, "अवंदा न्हाय मिरवायचं. कोन पळवनार?" आणि माझ्याकडं बघून पटकन पुढं म्हणाल्या, "तू न्हाय."

बायको दूध न्यायला आली होती. ती म्हणाली, "यांच्या स्कूटरवर मागं बसा की."

"मागं बसलं की म्हशीस्नी माझी पाठ दिसनार. पाठीमागं कोन येतंय?"

"मग उलटं बसा."

पाडव्याला आक्का माझ्या स्कूटरवर उलट्या बसल्या. पाठीला पाठ. पडू नयेत म्हणून बायकोनं स्वतःची ओढणी काढून आम्हा दोघांना पोटाला बांधलं, दोन गाठी मारून. पोरं ओरडली, "आक्का, पार्सल कुठं चाललं?" आक्कांनी त्यांना दिलेलं उत्तर लिहिण्यासारखं नाही.

थोरल्या, मधल्या, धाकट्या, तिघी मोकळ्या सोडल्या होत्या. मी स्कूटर सुरू केली. आरसा मुद्दाम आभाळाकडं वळवला. पाठीला आक्कांचं काळीज धडधडताना लागत होतं. वर्षभर त्यांनी थोरल्यांना एकदाही हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"याऽऽ वो याऽऽऽ!"

आवाज फाटला. मागं काही हललं नाही. माझ्या घशाशी हाक आली होती, अगदी ओठांवर. मी दात आवळले आणि स्कूटर तशीच सावकाश पुढं काढली. त्यांनी परत हाक मारली, या वेळी "थोरल्याऽऽऽ" म्हणून. मग घुंगरं वाजली. आधी एका पायाची, मग सगळी. आक्का माझ्या पाठीला धपाधप डोकं आपटायला लागल्या. "आल्या रं! आल्या! थोरल्या आल्या! मागनं दोघीबी आल्या! हळू चालव की, दमतील!"

कारखान्याच्या वळणावर थांबलो. ओढणीच्या गाठी सुटता सुटेनात. आक्का थोरल्यांच्या गळ्यात पडलेल्या आणि मी त्यांच्या कमरेला बांधलेला, त्यामुळं तिघंही एकाच जागी. लोक फोटो काढत होते.

मोकळं झाल्यावर आक्कांनी विचारलं, "तू का न्हाईस वरडलास?"

"घसा बसलाय, आक्का."

"मगाशी त्या चहावाल्याला बोंबललास की."

"त्यातच बसला."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. बायको दुसरीकडं बघायला लागली. मग आक्कांनी खांद्यावरचं दावं काढलं, धाकटीच्या गळ्यात बांधलं आणि टोक माझ्यापुढं धरलं.

"जावा घेऊन."

"पण हाकेला आल्या पाहिजेत म्हणाला होतात. माझ्या हाकेला कुठं आल्यात?"

"माझ्या तर आल्या? मग मी काय परका हाय व्हय?"

धाकटीला घेऊन आम्ही शेडाकडं निघालो. आक्का लंगडत बरोबर आल्या, सगळा रस्ता सूचना देत. ओली वैरण एकदम घालू नगं. रिकाम्या पोटी पेंड नगं. हिला टमाट्याचं लई येड हाय, पर देऊ नगं. शेडात शिरून त्यांनी गव्हाण हातानं चाचपली, जमिनीवर पाय घासून बघितला, पाण्याचं टाकं बघितलं. दोष सापडेना, म्हणून पत्रा फार खाली आहे म्हणाल्या. दावं स्वतः बांधलं. मग जायला वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

आम्ही नवरा-बायको बाजूला झालो. आक्कांनी धाकटीच्या मानेला हात घातला, तिचा कान उचलला आणि आपल्या परीनं अगदी हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या अपार्टमेंटमध्येही ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, सांगितलं, "धाकट्या, ऐकताय न्हवं? मानूस वाईट न्हाय. जरा मंद हाय. सांभाळून घ्या."